टाळ्या पहिल्या फिल्मला, तिसरीला शांतता

ताई,
मी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात यंदा शनिवारी दुपारी शॉर्टफिल्मचा वर्ग सुरू झाला. प्रत्येकाने वर्षभरात चार फिल्म करायच्या, वर्गात दाखवायच्या आणि मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं. माझ्या तीन झाल्या. पहिली ‘माझी सांगली’, दोन मिनिटांची. आयर्विन पूल, गणपती मंदिर, घाटावरचा सूर्यास्त, सगळं स्लो मोशनमध्ये आणि मागे सिनेमातलं गाणं. खूप टाळ्या पडल्या, गॅदरिंगमध्येही दाखवली. दुसरी आई आणि मुलीच्या भांडणाची. मुलीला शिकायला पुण्याला जायचं असतं, आई नको म्हणते. मैत्रिणींनी कामं केली. संवाद नीट ऐकूच आले नाहीत आणि आई रडते तिथे वर्ग हसला. तिसरीसाठी मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. एका काकांच्या दुकानात बसून ते तंबोऱ्याची जवारी कशी काढतात, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर कसा खुलवतात, ते शूट केलं. सात मिनिटांची झाली. सगळ्यात जास्त मेहनत हिच्यावर घेतली, पण संपल्यावर वर्गात कुणी काही बोललंच नाही. मग एक जण म्हणाला, “संथ आहे.” सर म्हणाले, “तुझी आतापर्यंतची सगळ्यात चांगली.” मला वाटलं, मन राखायला म्हणाले. पप्पा म्हणतात, पहिल्यासारखं कर, लोकांना आवडतं ते कर. आता शेवटची राहिलीये. विषय आपला आपण निवडायचा, आठ मिनिटांपर्यंत. आणि मला तर पहिली फिल्म आता बघवतही नाही. मी पुढे चाललेय की मागे? चौथीला काय करू? तिन्हींच्या लिंक पाठवतेय.
— सांगलीची एक विद्यार्थिनी

तू पुढे चालली आहेस. तिन्ही फिल्म लागोपाठ पाहिल्या, तिसरी नंतर पुन्हा हेडफोन लावून पाहिली, आणि याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सर मन राखायला म्हणाले नाहीत. पण ‘संथ आहे’ म्हणणारा मुलगाही चुकीचं बोललेला नाही. त्याचं म्हणणं बाजूला सारू नकोस, पुढे त्याच्याकडे येतेच.

तिसऱ्या फिल्ममध्ये चौथ्या मिनिटाच्या आसपास एक शॉट आहे. काका तार बाजूला सरकवतात, घोडीवर कानस फिरवतात, फुंकर मारून भुगा उडवतात, तार पुन्हा जागेवर घेऊन छेडतात आणि मान जराशी कलती करून ऐकतात. तारेखालचा धागा नखाने केसभर पुढे सारतात. पुन्हा छेडतात. चेहरा तसाच. मग काही न बोलता कानस उचलतात. जवळजवळ मिनिटभर हे चालतं. तू ते कापलेलं नाहीस, कॅमेरा हलवलेला नाहीस, मागे संगीत घातलेलं नाहीस. या माणसाला जे हवंय ते अजून मिळालेलं नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते दिसलं.

आता पहिली फिल्म लाव. तिच्यात एकही शॉट तीन सेकंदांवर टिकत नाही. पूल, कळस, घाट, पुन्हा पूल. सांगलीत राहणाऱ्याने यातलं प्रत्येक चित्र आधी पाहिलेलं आहे आणि टाळ्या त्या ओळखीला पडल्या. आपलं गाव पडद्यावर बघून माणसाला भरून येतं, ते खरंच असतं. त्या फिल्मची लाज वाटून घेऊ नकोस. मात्र एकदा आवाज पूर्ण बंद करून ती बघ. गाणं काढल्यावर काय उरतं ते तुझं तुलाच कळेल, आणि ती तुला का बघवत नाही तेही. (ते गाणं वापरायचे हक्क तुझ्याकडे नाहीत. गॅदरिंगला चाललं, पण कुठल्या महोत्सवाला ती पाठवायची म्हटलीस तर पहिली अडचण तिथेच येईल.)

पहिल्या वेळी काय दाखवायचंय हे घरातून निघतानाच तुला ठाऊक होतं. जायचं, घ्यायचं, परत यायचं. तिसऱ्या वेळी तुला एका माणसासमोर बसून त्याची वाट बघावी लागली. काका तुझ्यासाठी काही करत नव्हते, आपलं काम करत होते, आणि त्यात कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी सुरू करायचा, कुठवर चालू ठेवायचा हे तुझं तुला ठरवायचं होतं. फिल्मच्या वर्गात शिकण्यासारखं यापेक्षा मोठं मला काही ठाऊक नाही. ॲपमधली बटणं कुणीही दोन दिवसांत शिकतं. दुसऱ्याच्या कामाच्या गतीने बघायला शिकणं कठीण असतं आणि ते एका वर्षात तुझ्या हातून झालेलं मला दिसतंय.

आता ‘संथ’कडे. माझ्या मते त्या मुलाला काकांचा शॉट लांब वाटला नसणार. काका काय ऐकतायत हे त्याला कळलंच नाही, म्हणून तो कंटाळला. आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण सुरुवातीचं निवेदन. दीड मिनिट तू माहिती देतेस. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हा धंदा उभा राहिला, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सगळं बरोबर आहे, मेहनतीने गोळा केलेलं आहे. पण यातलं काहीही कळलं म्हणून पुढचा शॉट जास्त कळत नाही. बघणाऱ्याला एकच गोष्ट समजायला हवी होती: जवारी लागली नसेल तर तार ‘टण्ण’ वाजून विझते, आणि लागली की तोच सूर उघडतो, त्यातून आणखी सूर झिरपत राहतात आणि तो बराच वेळ खोलीत राहतो. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा हलकेच घासते, त्यातून ती झिणझिण येते. धागा सरकवून ती घासण्याची जागा नेमकी करायची. काका तेच करत होते. हे समजावून सांगायची गरज नाही. आधी बंद तार ऐकव, शेवटी उघडी ऐकव. निवेदन काढून टाक आणि फिल्म थेट त्या बंद तारेपासून सुरू कर. सात मिनिटांची पाच होईल आणि मग संथ वाटणार नाही.

दुसरं कारण पंखा. हेडफोन लावल्यावर मला सगळ्यात ठळक काय ऐकू आलं असेल तर काकांच्या दुकानातला पंखा. त्याच्याखाली रस्त्यावरच्या मोटारसायकली. तंबोरा तिसऱ्या क्रमांकावर. ज्या फिल्मचा सगळा जीव एका आवाजात आहे तिच्यात तो आवाजच दबलाय, आणि मला तुझ्या तिन्ही फिल्ममधली हीच चूक सर्वांत जास्त खटकली, कारण ती टाळता येण्यासारखी होती.

फोन चार-पाच फुटांवर ठेवून तू चित्र घेतलंस आणि आवाजही त्याच फोनवर घेतलास. दोन गोष्टी झाल्या. एक, अंतर. माइक निम्म्या अंतरावर आणला की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि पंखा आहे तिथेच राहतो. दोन, बहुतेक फोन शांततेत आपणहून संवेदनशीलता वाढवतात. काका तार छेडून थांबले, सूर विरत चालला, की फोनला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून तो सगळंच वर ओढतो. त्यामुळे नेमकं सूर विरतो तिथे पंखा वर येतो. तेव्हा एखाद्या मैत्रिणीचा फोन माग, त्यावर रेकॉर्डर सुरू कर आणि तो तबलीपासून, म्हणजे तंबोऱ्याच्या पुढच्या लाकडी पाटापासून, वीतभर अंतरावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा ठेव. टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजव, म्हणजे एडिट करताना चित्र आणि आवाज जुळवता येईल. आपोआप आवाज वाढवणं बंद करता येईल असं ॲप मिळालं तर उत्तम. आणि पंखा बंद करायला सांग. तुला संकोच वाटला असणार, उन्हाळ्यात मिरजेच्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला पंखा बंद करा कसं म्हणायचं. पण त्यांना कारण सांगितलंस तर काका तुझ्यापेक्षा लवकर समजतील. आयुष्यभर ते कानानेच काम करत आलेत. दोन मिनिटं बंद, मग पुन्हा चालू. जाण्याआधी कुणीही न बोलता अर्धा मिनिट रिकाम्या दुकानाचा आवाज घे, दोन तुकडे जोडताना तो खाली अंथरता येतो.

ट्यूबलाइटखाली काही शॉटमध्ये पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलंस की ते जातील.

एक प्रयोग सुचवते, त्याला नवीन शूट लागणार नाही. 1919 मध्ये मॉस्कोत सरकारी सिनेमा शाळा सुरू झाली. तिथे शिकवणाऱ्या लेव्ह कुलेशोव्हच्या विद्यार्थ्यांना कच्ची फिल्म मिळत नव्हती. मग ते फिल्मशिवायच फिल्म ‘करत’, म्हणजे रंगमंचावर शॉटगणिक प्रसंग बसवत, आणि जुन्या रिळांचे तुकडे उलटसुलट जोडून बघत. कुलेशोव्हचा गाजलेला प्रयोग त्याच काळातला. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा, तो एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर असा जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात कधी भूक तर कधी दुःख दिसलं म्हणतात. तुझ्याकडे काकांचा ऐकतानाचा चेहरा आहे. तो एकदा बंद तारेनंतर लाव, एकदा उघड्या तारेनंतर. चेहरा तोच ठेव. ज्याला फिल्म संथ वाटली त्या मुलालाच बसवून दाखव आणि पडद्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. तो कुठे मोबाइल काढतो, कुठे पुढे सरकून बसतो, ते वहीत मिनिटाप्रमाणे लिही. वर्गातल्या चर्चेत माणसं चारचौघांत शोभेल ते बोलतात. फिल्म बघताना ती कशी बसलीत, हा जास्त खरा अभिप्राय असतो.

पप्पांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. लोकांना आवडावं असं कुणाला वाटत नाही? पण काय आवडेल हे लोकांना आधी सांगता येतंच असं नाही. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा वाढतो हे ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत कॅमेऱ्यात पकडलं. वाटाणा उगवताना बघायचाय अशी कुणी मागणी केली नव्हती. जेमतेम मिनिटभराची ती फिल्म त्यांनी भांडवल घालू शकतील अशा लोकांना दाखवली, पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी पैसा उभा राहायला तिची मदत झाली, आणि 1913 मध्ये तो चित्रपट पडद्यावर आला. पप्पांना ही गोष्ट वाद घालायला सांगू नकोस. नव्याने एडिट केलेली फिल्म त्यांना दाखव, चांगल्या हेडफोनवर, घरात टीव्ही बंद असताना, आणि मग विचार. वर्गात वाजलेल्या टाळ्यांची बातमी त्यांनी ऐकली असेल, पण तुझी तिसरी फिल्म त्यांनी शांतपणे बसून बघितल्याचं तुझ्या पत्रात कुठे दिसत नाही.

आता चौथी. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी फिल्म पुन्हा कर.

तुझ्या तिन्ही विषयांत खरा पेच त्याच विषयात आहे, आणि तो तुझ्या घरापासून फार लांबचा नसावा असं मला वाटतं. ती फसली ती विषयामुळे नाही. दोघी जणी स्वयंपाकघराच्या मधोमध हात मोकळे सोडून उभ्या आहेत आणि मनात आहे ते सगळं बोलून टाकतायत. “तू गेलीस की मी एकटी पडेन गं.” आपल्या घरांतली कुठली आई असं बोलते? वर्ग हसला तो त्या वाक्याला, आणि तुझ्याच वयाच्या मैत्रिणीच्या केसांतल्या पावडरला. दुसरं, दोघींच्या मधून एक रेघ गेलीये असं मनात धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. तू मध्येच पलीकडे गेलीस, त्यामुळे दोघीही उजवीकडे बघताना दिसतात आणि त्या एकमेकींशी बोलतायत हेच वाटत नाही.

मिरजेत तू जे शिकलीस ते इथे आण. आईच्या हाताला काम दे. समज, मुलगी परवा पुण्याला निघणार आहे आणि आई तिच्यासाठी भडंग करतेय. तोंडाने सांगतेय, जायचं काही कारण नाही, इथे काय कॉलेजं नाहीत का. हात मात्र चिरमुरे चाळतायत, लसूण ठेचतायत, शेंगदाणे जास्तच घालतायत, डब्याचं झाकण घट्ट बसतंय का बघतायत. मुलीला हे दिसतंय. आता आईला ते वाक्य बोलायची गरजच उरत नाही. काकांच्या शॉटला जितका वेळ दिलास तितका त्या डब्याला दे.

आईच्या कामासाठी वर्गाबाहेर शोध. तुझं गाव नाट्यपंढरी आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये पहिलं मराठी नाटक केलं ते इथेच, आणि हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं कामं करणाऱ्या बायका सांगलीत आजही आहेत. एखादीला जाऊन विचार, विद्यार्थिनीच्या फिल्मला सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त त्यांना आवाज फेकायची सवय असते. त्यांना सांग, शेवटच्या रांगेला ऐकू जायला नको, ओट्याशी उभ्या असलेल्या मुलीला गेलं की पुरे. संवाद पाठ करून घेण्यापेक्षा भांडण कशावरून आहे ते सांग आणि खरोखर भडंग करायला लाव. दोन-तीन वेळा करू दे, मग कॅमेरा सुरू कर. चिरमुरे लागतील जास्तीचे, त्याची तयारी ठेव.

स्वयंपाकघरात पंख्याच्या जागी फ्रिज असतो. शूट करताना तो बंद कर आणि तुझ्या स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे चालू करायला विसरून घरी जाता येणार नाही. आवाजाची माणसं ही युक्ती पूर्वीपासून वापरतात. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या कधी होतात तेही आदल्या दिवशी जाऊन ऐकून ये.

तारखा जमत नसतील आणि एकच काम होणार असेल तर चौथी कर, तिसरीचं एडिट सुट्टीत होईल. पण तिसरीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सुट्टीवर ढकलू नकोस. काकांना तू ती फिल्म दाखवलीस का? पत्रात तसं काही नाही. वर्गाने पाहिली, सरांनी पाहिली, मी पाहिली, आणि ज्यांचे हात आणि ज्यांचा कान त्यात आहे त्यांनी पाहिलेली नसेल तर ते राहून गेलंय. त्यांची परवानगी शूटिंगपुरती घेतली असशील, पुढे कुठे पाठवायची तर त्यांना स्पष्ट विचारायला हवं. शिवाय तुझी एक चूक पकडू शकणारे ते एकटेच आहेत. सहाव्या मिनिटाला चित्रात काका अजून कानस चालवतायत आणि खाली मला उघड्या जवारीचा आवाज ऐकू येतोय असं वाटतं. मला खात्री नाही, त्यांना एका छेडीत कळेल. येत्या शनिवारी वर्ग सुटल्यावर सिटी बसने मिरजेला जा. फोनवरच दाखव, पण हेडफोन घेऊन जा. फोनच्या स्पीकरवर खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि काकांना पहिल्यांदा ती ऐकायची असणार.